खुर्ची रेघेपर्यंतच

व्हीलचेअरची पुढची दोन चाकं लहान असतात. त्यांच्या आसात माणसांचे केस, साडीचे दोरे, स्वेटरची लोकर असं काय काय गुंडाळत जातं. वरून दिसत नाही, पण खुर्ची हळूहळू जड होत जाते. मग एखाद्या दिवशी ती उलटी करायची आणि चिमट्यानं ते सगळं ओढून काढायचं. एक केस ओढला की मागोमाग दुसरा येतो. कुणाचा कुठला, काही कळत नाही!

माझ्याकडचे किस्से असेच आहेत. मी ते जमवले नाहीत, चाकात अडकत गेले. आता खुर्ची फार जड झाली, म्हणून काढायला बसलोय.

आधी माझं थोडक्यात. बार्शीला माझं सायकलचं दुकान होतं. पंक्चर, ओव्हरहॉलिंग, भाड्याच्या सायकली. शाळा दुसरीपर्यंत. लिहायला शिकलो ते दुकानाच्या पाट्या रंगवून. मुलगा महेश मात्र शिकला, इथे अमेरिकेत आला, सिटिझन झाला, आणि त्याची आई गेल्यावर मलाही घेऊन आला. घर मोठं, सगळे कामावर. दिवसभर मी आणि फ्रिजचा आवाज. कुणीतरी सांगितलं, एअरपोर्टवर व्हीलचेअर ढकलायला माणसं हवीत. म्हटलं, चाकाचं काम आहे, हे आपल्याला येतं!

आता हे एअरपोर्ट जरा विचित्र आहे. इमारत अमेरिकेत आणि विमानं मेक्सिकोत! इकडे तिकीट दाखवायचं, वर जायचं आणि हद्दीच्या कुंपणावरून गेलेल्या एका बंदिस्त पुलावरून चालत पलीकडच्या विमानतळात शिरायचं. पुलाच्या मध्यावर जमिनीवर एक रेघ आहे. अलीकडे अमेरिका, पलीकडे मेक्सिको. जाणाऱ्यांची वाट वेगळी, येणाऱ्यांची वेगळी. एकदा तिकीट दाखवून वर गेलात की मागे फिरता येत नाही. परत यायचं तर पलीकडून, पासपोर्ट-व्हिसा दाखवून. फक्त आमच्यासारखे बिल्लेवाले कामगार रिकामी खुर्ची घेऊन मागे येतात.

पुलावर कुणाला थांबू देत नाहीत. फोटो काढायला कुणी थबकलं की गार्ड ओरडतो, “कीप मूव्हिंग!” थांबायची मुभा फक्त खुर्चीवाल्यांना. कारण अमेरिकेची खुर्ची रेघ ओलांडत नाही. पलीकडे मेक्सिकोचा माणूस त्याची खुर्ची घेऊन उभा असतो. पॅसेंजरनं आमच्या खुर्चीतून उठायचं, रेघ ओलांडायची आणि त्यांच्या खुर्चीत बसायचं. पाय पलीकडे पडेपर्यंत त्यानं हात लावायचा नाही. पाय पलीकडे पडला की मी लावायचा नाही. मधेच कुणी पडलं तर कुठल्या देशाच्या इन्शुरन्सनं भरायचं, त्याची ही सगळी भानगड.

* * *

माझ्या पहिल्याच आठवड्यात एक गोरा म्हातारा आला. सहा फुटी, गुडघे गेलेले. तिकडे दात स्वस्तात बसवून मिळतात म्हणून निघाला होता.

रेघेवर उठताना तो मधेच अडकला. एक पाय तिकडे, एक इकडे. मी हात काढून घेतलेला, पलीकडच्यानं अजून लावलेला नाही. दोघेही हात पसरून उभे, आणि मधे हा झुलतोय!

तेवढ्यात त्याच्या कमरेत चमक भरली. त्यानं पलीकडचा पाय झटकन मागे घेतला आणि धपकन माझ्या खुर्चीत बसला. म्हणाला, “दुखायचं असेल तर इकडेच दुखू दे! माझा इन्शुरन्स रेघेपर्यंतच आहे!”

पलीकडचा माणूस इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. तो रामोन. माझ्याच वयाचा, मिशा पांढऱ्या, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. तेव्हापासून तो तिकडे आणि मी इकडे. रेघेवर आम्ही किती माणसं एकमेकांकडे सोपवली असतील, पण एका देशात दोघे कधी उभे राहिलो नव्हतो.

मला इथे सगळे काका म्हणतात. रामोन म्हणत नाही. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ फारच वाईट होतो म्हणे! तो मला दत्ता म्हणतो. मी त्याला रामोनभाऊ म्हणतो. माझं इंग्रजी तोडकं, त्याचं त्याहून तोडकं. दोन तोडक्या माणसांचं चांगलं जमतं.

* * *

रामोनला एक मुलगी आहे, लुपे. हे मला त्यानं सांगितलं नाही, तिनं सांगितलं.

खालच्या हॉलमध्ये कॉफीचं दुकान आहे. तिथे कुणीही येऊन बसू शकतं, तिकीट लागत नाही. एक बाई दर रविवारी यायची. चाळिशीची, हात काम करून खरबरीत झालेले. खांबाजवळच्या टेबलाशी बसायची. एक दिवस मी रिकामी खुर्ची घेऊन खाली आलो तर ती उठून समोर आली. फोनमधला फोटो दाखवून म्हणाली, “माझे वडील. वर आहेत ना?”

फोटोत रामोन. वरचं बटण लावलेलं.

लुपे अठराव्या वर्षी इकडे आली, ती कागदांशिवाय. इथेच लग्न झालं, मोडलं, मुलगी झाली. मुलगी इथे जन्मली म्हणून अमेरिकन, आता कॉलेजात. लुपे लोकांची घरं साफ करते. ती गपचूप इथे राहू शकते, पण एकदा हद्दीबाहेर पाऊल टाकलं की परत येणं नाही. आणि रामोनला इकडचा व्हिसा देत नाहीत. म्हणजे बाप पुलावर, मुलगी पुलाखाली. मधे एक जिना आणि एक रेघ!

फोनवर दोघं रोज भेटायची, नाही असं नाही. व्हिडिओवर जेवायचीसुद्धा. मी एकदा म्हटलं, “मग रोज दिसतातच की.” तर ती म्हणाली, “फोनला वास नसतो.”

खाली हिरव्या युनिफॉर्ममधले हद्दीचे ऑफिसर कॉफी घ्यायला येतात. ती उठून जात नसे. उलट हसून साखरेच्या पुड्या त्यांच्याकडे सरकवायची. मी म्हटलं, “भीती नाही वाटत?” म्हणाली, “जो पळतो त्याच्याकडे ते बघतात. जो साखर देतो त्याच्याकडे कुणी बघत नाही.”

जाताना तिनं माझा हात हातात घेऊन दाबला. मी वर गेलो. रेघेवर पॅसेंजर सोपवला आणि रामोनपुढे तोच हात केला. “लुपे,” मी म्हटलं.

त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. त्यानं हात धरला, तो जरा जास्त वेळ धरला. पुढे दर रविवारी आमचं हे ठरून गेलं.

* * *

आता आपल्या लोकांचा किस्सा सांगतो, नाहीतर म्हणाल काका परक्यांचंच सांगतात.

सांगलीच्या एक मावशी मुलासुनेबरोबर कानकूनला निघाल्या होत्या. खुर्चीचं बुकिंग होतं. मी घेऊन निघालो. मराठी बोलतोय म्हटल्यावर त्यांची कळी खुलली. मी विचारलं, “मावशी, गुडघे का?”

“छे हो! रोज गच्चीवर अर्धा तास चालते मी. पाय ठणठणीत आहेत, इंग्लिश लंगडं आहे! खुर्चीत बसलं की कुणी काही विचारत नाही. आमच्या भिशीतल्या सगळ्या असंच करतात.”

रेघ आली. मी ब्रेक लावला. रामोन दोन्ही हात पसरून तयारीत उभा. मावशी टुणकन उठल्या, पदर खोचला, रेघ ओलांडली, त्याच्या खुर्चीला एक चक्कर मारून सीट झटकली आणि मग बसल्या!

रामोनच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. त्यानं छातीवर क्रूस काढला. “मिलाग्रो!” म्हणाला. म्हणजे चमत्कार!

पुढे आपल्या आयाबायांची रांगच लागली. प्रत्येक बाई रेघेवर आली की चालायला लागायची. रामोन मला म्हणाला, “दत्ता, आमच्याकडे लोक गुडघ्यांवर रांगत देवीला जातात, तरी पाय मिळत नाहीत. तुमच्या बायकांना नुसती रेघ ओलांडली की मिळतात!”

हा किस्सा मी लुपेला सांगितला तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसले. म्हणाली, “म्हणजे चालता येत असलं तरी खुर्ची मागता येते?”

“कुणी पाय तपासत नाही,” मी म्हटलं.

* * *

महेशचे मित्र घरी आले की तो सांगायचा, “बाबा एअरपोर्टवर कस्टमर रिलेशन्समध्ये आहेत.” आता ते खोटं तरी कसं म्हणू? कस्टमर असतात, आणि थोडा वेळ नातंही असतं.

एकदा इथल्या मराठी मंडळातलं एक जोडपं एअरपोर्टवर आलं. नवऱ्याच्या आईला खुर्ची हवी होती. मला बघून दोघांचे चेहरे असे झाले की जणू मीच त्यांची चोरी पकडली. हॅलो नाही, काका नाही. म्हातारी बिचारी मला विचारत होती, “तुम्ही कुठले हो?” तर सून म्हणाली, “आई, त्यांना काम करू द्या.”

पुढच्याच महिन्यात मंडळाचा गणपती. मी सोवळ्यासारखा नवा झब्बा घालून उभा. तोच नवरा मोदकाची प्लेट घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, गंमत सांगू? एअरपोर्टवर अगदी तुमच्यासारखा एक माणूस बघितला!”

महेश शेजारीच उभा होता. तो हातातल्या चमच्याकडे बघायला लागला.

मी म्हटलं, “असेल. खुर्चीमागे उभी राहिलेली माणसं सारखीच दिसतात.”

* * *

रामोननं व्हिसासाठी चारदा अर्ज केला, चारदा नाकारला. खिडकीमागचा ऑफिसर दर वेळी एकच विचारतो: तिकडे तुझं कोण आहे? मुलगी आहे म्हटलं, तर तू परत येणार नाहीस. कुणी नाही म्हटलं, तर मग कशाला जातोस?

चौथ्या वेळी रामोन चिडला. त्यानं छातीवरचा बिल्ला खिडकीला टेकवला आणि म्हणाला, “साहेब, मी रोज अमेरिकेच्या रेघेपर्यंत जातो आणि परत येतो. दिवसभर हेच करतो! माझ्याएवढा परत येणारा माणूस तुम्हाला मिळेल का?”

ऑफिसरही हसला म्हणे. हसून नाकारला.

खरं दुःख वेगळंच होतं. दर वेळी रामोन आधी लुपेला व्हिसाच्या मुलाखतीची तारीख सांगायचा. ती घर धुऊन काढायची, त्याच्यासाठी पलंग लावायची, आदल्या दिवसापासून मक्याचे तमाले वाफवायची. आणि मग फोन यायचा. चौथ्या वेळचे तमाले तिनं मला डब्यात घालून दिले. मी ते महेशकडे फ्रिजमध्ये ठेवले.

रामोन म्हणाला, “आता तिला कधी सांगणार नाही. मिळालाच, तर समोर जाऊन उभा राहीन. तोपर्यंत एक शब्द नाही.”

आणि दर वेळी तो माझ्याजवळ तिच्यासाठी एकच निरोप द्यायचा. तळहात जमिनीकडे करून हवेत दाबायचा. म्हणजे, आहेस तिथेच राहा. माझ्यासाठी येऊ नकोस.

* * *

आपल्या नागपूरच्या ओंकारचं सांगतो. तेव्हा आपली पोरं अमेरिकेच्याच व्हिसाचा नवा स्टॅम्प मारून घ्यायला मेक्सिकोत जायची. आता म्हणे तेही बंद झालं. ओंकारनं आदल्या रविवारी क्रिकेट खेळताना घोटा मुरगळून घेतला होता, म्हणून माझ्या खुर्चीत.

खांबाजवळून जाताना लुपेनं मला हात केला. ओंकारनं विचारलं, “ही कोण?” मी सांगितलं.

“काका, खरं सांगू का? एवढ्या वर्षांत पेपर्स करता येत नाहीत का या लोकांना? आम्ही बघा, व्यवस्थित लायनीत उभे राहतो. लीगल!”

मी ढकलत राहिलो. खुर्ची ढकलताना बोललं की दम लागतो.

दोन दिवसांनी परतणार होता तो. व्हिसा अडकला. जादा चौकशी म्हणे. आठवडा गेला, महिना गेला. हॉटेल परवडेना. कंपनी म्हणते, मेक्सिकोत बसून लॉगिन करू नकोस. बायको इकडे, तिचाही व्हिसा त्याच्याच व्हिसाला बांधलेला, त्यामुळे तिला जाता येईना. मला फोन करून रडायला लागला. “काका, माझे सगळे पेपर्स आहेत यार! एकही कमी नाही!”

मी रामोनला सांगितलं. रामोन त्याला घरी घेऊन गेला. त्याच्या घरात दोन खोल्या. एक त्याची, एक लुपेची. लुपेच्या खोलीत इतकी वर्षं कुणी झोपलं नव्हतं. ओंकार झोपला. रामोन सकाळी त्याच्यासाठी अंडी करायचा, हळद मिळवून त्याला वरणसुद्धा करून घातलं.

शेवटी एकदाचा स्टॅम्प मिळाला. ज्या दिवशी तो परत आला तो रविवार होता. लुपे टेबलावरून उठून उभी राहिली. तिनं विचारलं, माझ्या खोलीच्या खिडकीतून चर्चचा दिवा अजून दिसतो का? भिंतीचा रंग कुठला आहे? वडील जिना चढताना थांबतात का? तिचं इंग्रजी त्याला झेपेना, म्हणून मी जसं जमेल तसं मराठीत सांगत होतो.

ओंकारनं फोन बघितला. “काका, बायको पार्किंगमध्ये उभी आहे, आणि लगेच एक कॉल आहे. त्यांना सांगा ना, मी नंतर नक्की फोन करतो.”

गेला. घोटा छान बरा झाला होता, भराभर चालत गेला.

लुपेनं मला विचारलं, “काय म्हणाला?”

“फोन करतो म्हणाला.”

तिचा नंबर त्यानं घेतलाच नव्हता.

* * *

आमचा मॅनेजर डेनिस, माणूस वाईट नाही. एकदा त्यानं मला ऑफिसात बोलावलं. पडद्यावर पुलावरचं रेकॉर्डिंग. दर रविवारी मी रेघेवर त्या माणसाचा हात इतका वेळ का धरतो?

“काय देतोस त्याला?”

“हात देतो, साहेब.”

“हातात काय असतं?”

मी दोन्ही मुठी उघडून दाखवल्या. त्यानं उलटसुलट करून बघितल्या. बोटांच्या बेचक्यांतसुद्धा बघितलं. काही सापडेना, त्यामुळे त्याचा संशय आणखीच वाढला!

पुढच्या सोमवारी ग्लोव्ह्जचे खोके आले. निळे, रबराचे. पुलावर कायम घालायचे. कारण लिहिलं होतं: स्वच्छता.

रामोननं माझा निळा हात बघितला. म्हणाला, “वा! दत्ता डॉक्टर झाला!” त्यानं हात हातात घेतला. पण लगेच सोडला. रबराला काय धरून ठेवायचं?

* * *

त्या दिवसांत रामोन वाळत चालला होता. शर्टाचं वरचं बटण लावलेलं असायचं, पण कॉलरमध्ये मान हलायची. खुर्ची ढकलण्याआधी तो तिच्या मुठींवर रेलून श्वास घ्यायचा. मधेच दोन-तीन दिवस यायचा नाही. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं होतं. लुपेला फोनवर तो म्हणायचा, सर्दी आहे.

ती मला विचारायची, “खरं सांगा.” मी खोटं कशाला सांगू? म्हणायचो, “वाळलाय.”

मग तो रविवार आला. सकाळी माझ्या यादीत पहिलीच खुर्ची होती. मी खाली गेलो तर खांबाजवळ लुपे. नवा ड्रेस, एक छोटी बॅग, हातात तिकीट. पलीकडून सुटणाऱ्या कुठल्याशा स्वस्त विमानाचं. त्या विमानात ती बसणारच नव्हती. शेजारी तिची मुलगी उभी, रडून रडून नाक लाल झालेलं.

“मिलाग्रो करायचाय,” लुपे म्हणाली.

मी म्हटलं, “पोरी, परत येता येणार नाही.”

“मला माहितीय. ही येत जाईल मला भेटायला, हिच्याकडे पासपोर्ट आहे. तिकडे त्यांना सर्दी झालीय ना, मग मी इकडे फरश्या पुसत बसू?” मग हसली. “चालत गेले तर ते लांबूनच हात दाबतील, जा मागे म्हणून. आणि गार्ड थांबू देणार नाही. खुर्चीतून गेले तर त्यांना घ्यावंच लागेल मला! नोकरी आहे त्यांची!”

मी तिला बसवलं. फूटरेस्ट खाली केले. मुलीनं वाकून तिचे पाय त्यावर ठेवले, जणू खरंच चालता येत नव्हतं. मग मुलगी पार्किंगकडे निघून गेली. तिला थांबू नकोस असंच सांगितलेलं होतं.

पुलावर मी सावकाश चाललो. तसा मी सावकाशच चालतो. लुपे ताठ बसली होती. केस दोनदा सारखे केले. रेघ दिसायला लागली तशी पलीकडची खुर्चीही दिसली. खुर्चीमागे एक तरुण माणूस होता.

“रामोन?” मी विचारलं.

“आज सुट्टीवर,” तो म्हणाला. “त्यानं मागून घेतली.”

लुपेचा चेहरा क्षणभर उतरला, मग उजळला. “म्हणजे घरी असतील! झोपले असतील. मी दार वाजवते!”

मी ब्रेक लावला. ती उठली नाही लगेच. तिनं माझा उजवा हात पुढे ओढला, बोटाबोटानं निळा ग्लोव्ह काढला, माझ्या खिशात कोंबला आणि हात दोन्ही हातांत धरला. गार्ड काही बोलला नाही. खुर्चीवाल्यांना थांबायची मुभा आहे.

मग ती टुणकन उठली. पदर नव्हता, तरी सांगलीच्या मावशींसारखा खोचून दाखवला. रेघ ओलांडली. त्या तरुणाच्या खुर्चीला एक चक्कर मारली, आणि न बसताच, मागे बघून ओरडली, “मिलाग्रो!”

आणि चालत गेली.

रिकामी खुर्ची हलकी असते असं लोकांना वाटतं. मी ती घेऊन खाली आलो. लिफ्टचं दार उघडलं. हॉलमध्ये गर्दी होती. कॉफीच्या दुकानासमोर एक माणूस पाठमोरा उभा होता, नवा पांढरा शर्ट, काखेत दोरीनं बांधलेला मिठाईचा खोका. माणसाला कायम पुलावरच्या उजेडात बघितलं की खाली ओळखू येत नाही.

तो वळला. वरचं बटण लावलेलं होतं.

“दत्ता!”

त्यानं पासपोर्ट उघडून व्हिसाचं पान माझ्या नाकासमोर धरलं. पाचव्यांदा, म्हणाला, पाचव्यांदा! आज पहाटेपासून हद्दीच्या फाटकाच्या लायनीत होता, आत्ता टॅक्सीनं आला. कुणाला बोलला नाही, तिला तर नाहीच. आता दर रविवारी येणार. मग त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि हॉलभर बघून घेतलं.

आम्ही पहिल्यांदाच एका देशात उभे होतो. त्यानं हात पुढे केला. माझ्या उजव्या हातात अजून ग्लोव्ह नव्हता. त्यानं तो धरला, पूर्वीसारखा, जरा जास्त वेळ.

“दत्ता,” हळूच म्हणाला, “तिचं टेबल कुठलं?”